आरशासारखं घासलेलं हेड

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस माझी शंभर सीसीची मोटारसायकल तीन आठवडे हेडशिवाय उभी होती. मी तेव्हा एका स्थानिक दैनिकात वार्ताहर होतो. केदारखेड्याची बातमी असली की एसटीने जायचो. हेड जालन्यात मस्तगडला, थोरल्या चुलत भावाच्या, म्हणजे दादाच्या गॅरेजमध्ये होतं.

हेड म्हणजे सिलिंडरवर बसणारा ॲल्युमिनियमचा भाग. त्यात दोन वाटा असतात. एकीतून पेट्रोल मिसळलेली हवा आत येते, दुसरीतून धूर बाहेर जातो. सरळ रस्त्यावर पाव मैल पळायच्या शर्यतीसाठी या वाटा कोरून मोठ्या कराव्या लागतात. औरंगाबादच्या एका गॅरेजवाल्याने दादाला टपरीवर चारचौघांत ऐकवलं होतं, "जालन्यात हेड उघडतं भाऊ, बनत नाही." औरंगाबादजवळच शर्यत होती. दादाने नाव नोंदवलं. त्याची स्वतःची गाडी टू-स्ट्रोक, तिच्या हेडला अशा वाटाच नसतात, म्हणून माझी घेतली. हेड वाया गेलं तर नवं त्याने द्यायचं, असं ठरलं. नव्या हेडला माझा महिन्याचा पगार लागला असता.

कोरायला त्याने दातांच्या डॉक्टरकडून वापरून टाकलेले बर, म्हणजे दात कोरायची टोकं, मागून आणले. ॲल्युमिनियम त्यांच्या दातांत भरायचं. दर दोन मिनिटांनी तारेच्या ब्रशने साफ करायचं. वीज गेली की हाताने, कानशीने. भिंत कुठे किती जाड उरली हे तो बोटाने चाचपून सांगायचा. वाटांची उघडझाप करणारे व्हॉल्व्ह त्याने घासायची पेस्ट लावून दोन्ही तळहातांत रवीसारखे फिरवले, मग हेड उलटं धरून रॉकेल ओतलं. थेंबही गळला नाही तेव्हा पुढचं काम.

हेडचा तळ लेथवर थोडा कातला होता, त्यामुळे ते आधीपेक्षा खाली बसणार होतं. आता व्हॉल्व्ह पिस्टनला लागतील का, हे पाहायला त्याने घरून कणीक मागवली.

"पोळ्या भाजूनच देऊ का तुमच्या पिस्टनला?" वहिनींनी विचारलं.

"कच्चीच दे. तेल जास्त लाव."

कणकेचा गोळा पिस्टनवर ठेवून त्याने हेड बसवलं, इंजिन हाताने फिरवलं, पुन्हा उघडलं. दबलेली कणीक ब्लेडने कापून जाडी मोजली. जागा पुरेशी होती.

शेवटचे चार दिवस पॉलिशला गेले. आमच्याकडे काम चांगलं झालं की नाही हे चमक पाहून ठरतं. दादाने दोन्ही वाटा अशा घासल्या की गल्लीतली माणसं आत डोकावून आपला डोळा पाहून जायची. "बिलकुल आरसा!" म्हणायची. दादा हेड कुणाच्या हातात मात्र देत नव्हता.

शर्यतीत प्रत्येकाला दोनदा पळायचं होतं. दोन्हींतली चांगली वेळ धरणार होते. गाडी दादाच चालवत होता. पहिल्या खेपेला झेंडा पडला आणि गाडी खोकली. शेजारचा पन्नास फूट पुढे गेल्यावर तिने जोर धरला.

"वाणसामान आणायला निघालात का?" औरंगाबादवाल्याने विचारलं.

दादाने प्लग काढला. काळा, ओला. अंगठ्याने पुसून त्याने तो उन्हात धरला.

"चमक नडली," तो म्हणाला. "वाट घसरडी झाली. पेट्रोल हवेत मिसळून न्हाई राह्यलं, भिंतीला थेंब धरून राह्यलं. हेड काढतो."

"इथं? संध्याकाळी मला गाडी घरी न्यायची आहे."

"मंग नेशील ना. पाना दे."

दुसऱ्या खेपेला दोन तास होते. ताडपत्रीवर त्याने हेड उतरवलं. आजूबाजूला हसणारे जमले. कुणी चहा पीत पाहत होतं. पॉलिश पेपरऐवजी त्याने जाड, खरखरीत एमरी पेन्सिलीला गुंडाळली आणि आत येणारी वाट सगळीकडून खरवडली. धुराची वाट तशीच ठेवली. तिला चमक चालते. चार दिवसांचं काम त्याने दहा मिनिटांत पुसलं. पेट्रोलने हेड धुतलं, नवी गॅस्केट घातली, नट आडवे-तिरपे क्रमाने आवळले. एकदाही घाई केली नाही.

दुसऱ्या खेपेला गाडी झेंड्याबरोबर सुटली. आमच्या गटात ती तिसरी आली. औरंगाबादवाल्याची गाडी चौथी.

निघताना तो आमच्याकडे आला. "हेड पुण्याला करून आणलं का?"

"मस्तगडला."

"माझं कराल? काय घ्याल?"

दादाने आकडा सांगितला. माझ्या अंदाजाच्या दुप्पट होता.

"एवढा खर्चा?"

"तीन हप्त्यांचं काम असतं. कमी न्हाई होणार."

तो आपल्या गाडीकडे गेला. पुढच्या आठवड्यात एसटीच्या पार्सलने त्याचं हेड आलं. दादाने पोतं सोडलं, वाटेत बोट घालून पाहिलं आणि हेड फळीवर ठेवलं. आधीची दोन कामं पुरी होईपर्यंत त्याने त्याला हात लावला नाही.