प्रयागबाई आणि नाती काढणारे यंत्र

कन्हेरीच्या समाजमंदिरात प्रौढांचा साक्षरता वर्ग सुरू झाला, त्या वेळी पुस्तके कमी आली होती आणि ती दोघींत एक याप्रमाणे वाटली गेली. माझ्या वाट्याला अर्धे पुस्तक आणि शेजारी प्रयागबाई आल्या. आमची वस्ती एकच असली तरी तोवर आमचे बोलणे पाण्याच्या टाकीपुरतेच होते. एका पुस्तकावर दोघींच्या माना वाकू लागल्या, तेव्हा मला त्या बाईंची खरी ओळख झाली. पुढे जे लिहीत आहे, त्यातील काही त्यांच्या तोंडून ऐकले आहे आणि काही त्यांच्याबरोबर जाऊन डोळ्यांनी पाहिले आहे.

प्रयागबाईंचे पती भानुदास माळेगावच्या साखर कारखान्यात कामाला होते. प्रयागबाईंची धाकटी बहीण कुशाबाई इंदापूर तालुक्यात दिलेली होती. पहिल्याच बाळंतपणात ती गेली. तिच्या नवऱ्याने लवकरच दुसरे लग्न केले आणि तान्ही मुलगी गोधडीत गुंडाळून मावशीच्या दारात आणून ठेवली. त्या वेळी प्रयागबाईंचा स्वतःचा मुलगा अंगावर पीत होता. त्यांनी एका बाजूला त्याला आणि दुसऱ्या बाजूला हिला घेतले. मुलीचे नाव सारजा ठेवले. तिला समजू लागताच प्रयागबाईंनी तिला समोर बसवून सांगितले, की तुला जन्म देणारी कुशा होती. सारजाने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “बरं. आये, मला भूक लागलीया.” त्या घरात या गोष्टीची चर्चा तेवढीच झाली.

सारजा दहावी झाली, शिवणकाम शिकली, लग्नाची झाली. भानुदासांचा धाकटा भाऊ फार वर्षांपूर्वी इंदापुरास जाऊन राहिला होता. त्याचा मुलगा संघपाल लोणी देवकरच्या एका कारखान्यात नोकरीला लागला होता. त्याच्याकडून सारजासाठी विचारणा झाली. मुलगा सरळ, मुलीच्या मनात भरलेला. प्रयागबाईंना तर आपली पोर आपल्याच माणसांत राहील, याहून अधिक काही नको होते.

परंतु त्यांच्या भावकीत वडीलधाऱ्या माणसाने होकार दिल्याशिवाय साखर वाटायची नाही, अशी पद्धत होती. ते वडीलधारे माणूस म्हणजे भानुदासांचे चुलते तात्याबा. त्यांनी मान हलवली ती आडवी.

“प्रयागा, पोरगी तुझ्या अंगावर प्याली. भानुदासाची लेक म्हणून साऱ्या गावानं बघितली. आन् आता दिराच्या पोराला देतीस? चुलत भाऊ-बहीण की गं ती!”

“तात्या, ती कुशाची हाय. तुमाला ठावं न्हाय व्हय?”

“मग इतकी वर्सं ‘आये, आये’ म्हणून वरडत हुती ती कुणाला? बांधावरच्या बाभळीला?”

आमच्याकडे आत्याच्या वा मामाच्या घरी मुलगी देता येते. चुलत आणि मावस मात्र सख्खेच धरतात. म्हणून तात्याबांच्या बोलण्याला उत्तर देणे सोपे नव्हते. ‘ती कुशाची हाय’ हे तीन शब्द प्रयागबाईंना लग्नासाठी पुन्हा पुन्हा म्हणावे लागत आणि प्रत्येक वेळी ते त्यांच्याच जिभेला पोळत.

शेवटी तात्याबाच म्हणाले, “त्या करुणाच्या यंत्राला इचारू. ते कुणाच्या बाजूचं न्हाय.”

करुणा ही आमच्याच वस्तीतील मुलगी. ती पुण्यास संगणकाचे शिक्षण घेत होती आणि सुट्टीत येऊन आमचा वर्ग घेत असे. पदवीसाठी तिला एक काम करून दाखवायचे होते. त्याकरिता तिने वस्तीत घरोघर फिरून एवढेच विचारले होते, की तुम्हांला जन्म कोणी दिला, वडील कोण, आणि लग्न कोणाशी झाले. सुट्टीतच बारामतीत एका संगणक वर्गात ती सकाळी शिकवीत असे. तेथील एका यंत्रात तिने हे सारे भरले होते.

ठरलेल्या दिवशी आम्ही एसटीने बारामतीस गेलो. प्रयागबाई, सारजा, तात्याबा, त्यांची पत्नी मुक्ताबाई आणि मी. चपला जिन्यात काढाव्या लागल्या. खिडक्यांना धूळ येऊ नये म्हणून जाड पडदे लावले होते आणि आत देवघरासारखी थंड शांतता होती. यंत्राच्या काचेवर मराठी अक्षरे उमटत होती. वर्गात शिकलेलीच अक्षरे काचेच्या आतून उजळलेली पाहून प्रयागबाईंनी नकळत हात जोडले.

करुणाने सांगितले, “यात दोन प्रकारच्या गोष्टी आहेत. एक मी सांगितलेल्या आणि दुसऱ्या त्यानं स्वतः काढलेल्या. कोण कुणाचं लेकरू, हे मी सांगितलं. आणि काही नियम सांगितले: आईची बहीण ती मावशी, वडिलांचा भाऊ तो चुलता. बाकीची नाती ते काढतं.”

मुक्ताबाईंना खरे वाटेना. त्यांनी आपल्या सासरच्या एका दूरच्या बाईचे नाव सांगितले. यंत्राने क्षणभर विचार केला आणि ‘भाची’ असे लिहिले.

“भाची? मी तिला जल्मभर वयनी म्हणतीया!” मुक्ताबाईंनी बोटांवर घरे मोजली आणि कपाळाला हात लावला. “आगं बया, खरंच की! तरीच ती लगनात माज्या पाया पडली. मला वाटलं, पोरगी लय गुणाची हाय.”

जे कोणी त्याला सांगितले नव्हते ते त्याने जाणले होते. मग करुणाने सारजा आणि प्रयागबाई ही नावे टंकली. काचेवर एक शब्द आला. करुणा वाचून दाखवणार, इतक्यात प्रयागबाई पुढे झाल्या. आयुष्यात काचेवरचा पहिला शब्द त्यांनी स्वतः, अक्षर अक्षर जोडून वाचला.

“मा… व… शी.”

वर्षभर पाटीवर डोके फोडले ते हे वाचण्यासाठी काय, असे त्यांच्या चेहऱ्यावर आले. सारजा म्हणाली, “असू दे गं आये, त्येला काय कळतंय.” पण प्रयागबाईंच्या कानांत ते गेले नाही.

“करुणा, ह्ये खोड. तितं ‘आई’ लिव्ह.”

“काकी, मावशी मी लिहिलेलंच नाही. ते निघालंय. निघालेलं खोडता येत नाही. ते ज्यातून निघालं ते बदलावं लागतं.”

“मग त्ये बदल.”

करुणा म्हणाली, “मी फक्त विचारून बघते. नवं काही घेण्याआधी त्यातून काय काय होईल ते हे यंत्र सांगतं. सगळ्याशी जुळलं तरच घेतं.” आणि तिने टंकले, की सारजाची आई प्रयागबाई.

ओळी एकाखाली एक उतरू लागल्या. करुणा वाचीत गेली.

“सारजाला दोन आया होतात. नियमानं आई एकच. कुशाबाईचं नाव काढावं लागेल.”

“पुढं?”

“नाव काढल्यास कुशाबाईला मूल नाही.”

प्रयागबाईंनी पदर घट्ट धरला.

“आईचा नवरा म्हणून भानुदास सारजाचे वडील होतात. संघपाल सारजाचा चुलत भाऊ होतो. सारजा आणि संघपाल यांचं लग्न अमान्य.”

पाटाचे एकच दार उचलावे आणि पाणी कुणाकुणाच्या शेतात शिरत जावे, तसे ते झाले. प्रयागबाईंनी एक शब्द मागितला होता. त्या एका शब्दामागून मेलेल्या बहिणीचे एकुलते लेकरू गेले आणि जिवंत लेकीचे लग्न गेले. त्या यंत्राने आवाज चढवला नाही, कुणाला दोष दिला नाही. जे होईल ते फक्त पुढे मांडले. प्रयागबाई त्याच्याकडे ज्या नजरेने पाहत होत्या, त्या नजरेने मी त्यांना पुराच्या नीरा नदीकडे पाहताना पाहिले होते.

“पोरी, हुतं तसं कर,” त्या म्हणाल्या. “मावशी तर मावशी. तिचं लगीन मोडू नगं.”

करुणाने एक कळ दाबली आणि सर्व ओळी पुसल्या. सारजा रडू लागली. तात्याबांनी मागितलेला निवाडा मिळाला होता. यंत्राने मावशी म्हटले होते, म्हणजे लग्नास हरकत उरली नव्हती, होकार देऊन ते मोकळे झाले असते. पण म्हातारा खुर्चीतून उठला.

“ह्ये खोटं हाय. मावशी कशी? जिनं वाढवलं ती आईच. मला माज्या चुलतीनं वाढवलं. मी जल्मभर तिलाच आई म्हणलो. लगीन हुवो न्हाय तर न्हाय, पर ह्ये असलं लिवलेलं मला चालायचं न्हाय.”

“आबा, मग तसा नियम घालू का?” करुणाने विचारले. “जिनं वाढवलं ती जन्म दिल्यासारखीच आई. पण नियम एकट्या सारजासाठी नसतो, सगळ्यांसाठी असतो.”

“समद्यांसाठी घाल. मी काय भितो व्हय?”

करुणाने दोन गोष्टी नव्या सांगितल्या: सारजाला प्रयागबाईंनी वाढवले आणि तात्याबांना त्यांच्या चुलतीने वाढवले. मग नियम घातला. या वेळी यंत्राने अधिक वेळ घेतला. वस्तीतील प्रत्येक घराच्या दारावरून जणू ते जाऊन आले. नंतर लिहिले, की नियम घेता येत नाही. सारजाच्या लग्नाची हरकत खाली होतीच, पण तिच्याही वर एक ओळ होती.

करुणाने ती वाचली आणि ओठ दाबून धरले.

“बोल की,” तात्याबा म्हणाले.

“तात्याबा आणि मुक्ताबाई. मावस भाऊ-बहीण. लग्न अमान्य.”

गोष्ट अशी होती, की ज्या चुलतीने तात्याबांना वाढवले, तिनेच आपल्या बहिणीची मुलगी त्यांना करून दिली होती. चुलतीला जन्माची आई धरले, तर मुक्ताबाई मावसबहीण ठरत होत्या. हे सर्व गावाला माहीत होते. पण त्यातून हे निघते, असे आजवर कुणाच्याही मनात आले नव्हते.

मुक्ताबाई प्रथम सावरल्या. “आता गं बया! नातवंडं झाली, दात पडलं, आन् आता मला म्हायेरी धाडता व्हय? चला, एसटीत बशिवा मला.”

“आगं, मी न्हाय. यंत्र म्हणतंय.”

“यंत्र तुमचाच नियम तुमाला सांगतंय. लगनात हार घालताना कुठं गेला हुता ह्यो नियम?”

सारजा रडता रडता हसू लागली. मग सगळेच हसले. तात्याबाही टोपी काढून डोके खाजवीत हसले आणि खाली बसले. थोड्या वेळाने ते हळू आवाजात म्हणाले, “पर ती माजी आईच हुती, पोरी. ह्ये बी खरं. ह्ये कसं बसवायचं?”

करुणा यंत्राकडे नव्हे, त्यांच्याकडे पाहत होती. ती सावकाश म्हणाली, “आबा, चूक माझी आहे. मी आई हा एकच शब्द दोन कामांना जुंपला. लग्न जुळतं की नाही हे जन्मावरून पाहायचं. आणि आई कोण, हे जन्मावरूनही आणि वाढवण्यावरूनही. पण आता जिथं जिथं ‘आई’ लिहिलंय तो प्रत्येक नियम मला उघडून बघावा लागेल. एकही सुटला तर पुन्हा कुठंतरी कुणाचं तरी लग्न मोडेल.”

त्या दिवशी ते काम झाले नाही. वीज गेली आणि आम्ही परत आलो. पुढच्या आठवड्यात करुणाने पुन्हा बोलावले. तिचे डोळे जागरणाने लाल होते. तिने नवे नियम घातले आणि यंत्रास सर्व घरे तपासावयास सांगितली. प्रयागबाई उभ्याच होत्या. खाली बसा म्हटले तरी बसल्या नाहीत.

काचेवर शब्द आले: विरोध नाही.

तात्याबा आणि मुक्ताबाई यांचे लग्न जागेवर होते. सारजा आणि संघपाल यांच्या लग्नाला हरकत नव्हती. कुशाबाईचे लेकरू कुशाबाईकडे होते. आणि सारजाच्या नावापुढे ‘आई’ या शब्दाखाली दोन नावे होती. प्रयागबाईंनी वरचे नाव वाचले, कुशाबाई. मग खालचे वाचले. आपलेच नाव असूनही त्यांनी ते फार हळू वाचले, जणू एखादे अक्षर निसटेल.

“त्येनं ऐकलं गं,” त्या एवढेच म्हणाल्या.

तात्याबांनी काठी आपटली. “साखर आणा!”

लग्न वैशाखात आमच्या विहारात झाले. मुलीच्या आईने पुढे यावे असे म्हटल्यावर प्रयागबाई पुढे आल्या. कुणी काही विचारले नाही.

त्यानंतरच्या वर्षी इंदापुरास सारजाला मुलगी झाली. करुणा तेव्हा सुट्टीवर आली होती. प्रयागबाई पेढे घेऊन तिच्याकडे बारामतीस गेल्या आणि यंत्रासमोर बसल्या. करुणाने नव्या बाळाचे नाव टंकले आणि विचारले, “काकी, आता तुमचं कसं लिहू?”

प्रयागबाई म्हणाल्या, “लेकरू सारजाचं हाय, येवढंच सांग. मी आजी झाले ह्ये तू त्येला सांगू नगंस. त्येचं त्येला कळू दे.”