पहिलं उत्तर वरवरचं

आमच्या समोरच्या घरात राहणाऱ्या काकांइतका सावकाश माणूस अख्ख्या सिडकोत झाला नाही. झाला असेल तर तो अजून घराबाहेर पडायचा असेल. निवृत्तीनंतर लोक देवदर्शनाला लागतात, काका संगणकाला लागले. संगणक जुना, घरघरणारा, आणि त्यात बुद्धिबळ खेळणारं एक इंजिन, म्हणजे प्रोग्रॅम. स्वतः खेळायचे नाहीत. इंजिनापुढे डाव मांडायचा आणि ते किती चाली पुढचं बघतंय, तो आकडा वाढताना बघत बसायचं. त्या आकड्याला ते 'खोली' म्हणत.

एकदा मी त्यांच्यासमोर माझ्या नव्या फोनची फुशारकी मारली. त्यांनी फोनमध्ये तेच इंजिन घालायला लावलं आणि दोघांचा डाव लावला. फोनला चालीमागे एक सेकंद, त्यांच्या म्हाताऱ्या संगणकाला अर्धा तास. मधे नळाला पाणी आलं, गल्लीतल्या सगळ्या पाण्याच्या मोटारी एकदम सुरू झाल्या आणि व्होल्टेज पडून संगणक बंद झाला. काकांनी शांतपणे ती चाल त्याला पहिल्यापासून विचार करायला दिली. चौथ्या दिवशी माझा फोन हरला.

"अक्कल दोघांची एकच," काका म्हणाले. "तुझ्या फोनला सेकंदात फुकटचा घोडा दिसला, खाल्ला त्यानं. त्या घोड्यापायी पुढं वजीर जातोय, हे खाली उतरल्यावर दिसतंय. पयलं उत्तर वरवरचं असतंय."

हे तत्त्व त्यांनी माणसांना लावलं तेव्हा आमची पंचाईत झाली. "चहा?" असं त्यांनी विचारलं की आपण रीतीप्रमाणे "नको" म्हणायचं. दुसरा कुणी आग्रह करेल. काका आग्रह करत नसत, नुसते आपल्याकडे इंजिनाकडे बघावं तसे बघत बसत. दोन मिनिटांत माणूस ओशाळून "अर्धा कप चालेल" म्हणे. मग ते आत सांगत, "अगं, टाक चहा. अजून थांबलो तर हा पोह्यांपर्यंत जाईल." स्टेशनला यायला नाही म्हणणाऱ्या रिक्षावाल्यासमोरही ते असेच उभे राहिले होते. शेवटी तोच म्हणाला, "बैठो चच्चा, पर ऐसा देखो नको."

उन्हाळ्यात त्यांची मुलगी पुण्याहून आली. आईबाबांनी आता कायमचं तिच्याकडे यावं, असं तिचं म्हणणं. काकांना जायचं नव्हतं, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. पण ते म्हणाले, "तुझी आई म्हणेल तसं." मी तिथंच बसलो होतो. काकू मेथी निवडत होत्या. मान वर न करता त्या फटकन म्हणाल्या, "मी नाय जायची कुठं. माझं घर हाय हे."

मला हायसं वाटलं. काकांना हवं ते उत्तर मिळालं होतं. विषय तिथंच संपवला असता तर त्यांना कुणी बोल लावला नसता. पण ते काकूंकडे बघत बसले. हळूहळू काकूंचे हात थांबले.

"नातीला शाळेतून आणायला कुणी नसतंय," त्या म्हणाल्या. मग बऱ्याच वेळानं, "जावं म्हणते."

"बरं," काका म्हणाले.

मला त्यांचा फार राग आला. आणि इतका खरा माणूस आपल्या समोरच्या घरात राहतो, याचा अभिमानही वाटला. महिनाभरात दोघं पुण्याला गेले.

आता मी दर रविवारी फोन करतो. "करमतंय ना तिथं?" असं विचारतो. "व्हय, लई मजेत हाय," ते लगेच म्हणतात, आणि मी फोन ठेवतो. परवा ठेवला नाही. पलीकडे नात कशाला तरी खिदळत होती, कुकरची शिट्टी झाली. मी काही न बोलता थांबलो.

"गल्लीत पाणी आलं का रे आज?" काकांनी विचारलं.