वांगाच्या गोळ्या

माझ्या दोन्ही गालांवर वांग उठले तेव्हा धाकटी जाऊ म्हणायची, "ताई, चाकणचं सगळं ऊन तुम्ही एकट्याच घरी घेऊन येता." दिघीवरून रोज कंपनीत गाडीवर जायचं-यायचं, मग ऊन काय सोडतंय होय?

शेवटी सांगवीला कातडीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पोटात घ्यायच्या गोळ्या लिहिल्या आणि वर नसत्या चौकशा केल्या. पायात कधी रक्ताची गाठ झाली होती का? पाळीच्या, मूल न होण्याच्या गोळ्या चालू आहेत का? मला रागच आला. गालाच्या डागाशी पायाचा काय संबंध? नाही, नाही म्हणत सुटले.

दोन महिन्यांत चेहरा निवळला. जावेच्या नाकावरही फिकट डाग होते. "मलाही द्या की," म्हणाली. मी अख्खी स्ट्रिप दिली. घरात तेल-साबण एक, तर गोळी काय वेगळी?

यंदा गौरी पहिल्यांदाच तिच्या हातून बसणार होत्या आणि तिची तारीख नेमकी तेव्हाच. अशा वेळी पाळी पुढे ढकलायची गोळी आमच्यात सगळ्याच घेतात. ती मेडिकलमधून मीच आणली. वर दम दिला, "ऐन गौरीत बाजूला बसलीस तर बघ."

गौरी जेवल्या त्या दिवशी तिची पोटरी ठणकायला लागली. दिवसभर ओट्याशी उभी होती, म्हणून मी कोमट तेलानं चोळून दिली. जीव होता माझा तिच्यावर. दुसऱ्या दिवशी गौरींची ओटी भरता भरता तिला धाप लागली आणि ती खालीच बसली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काही औषधं चालू होती?"

मी म्हटलं, "कसलंच नाही." खोटं नव्हते बोलले. वांगाच्या गोळीला कुणी औषध म्हणतं का? मग ते म्हणाले, पायातली गाठ सुटून फुप्फुसात गेलीय. सांगवीचा प्रश्न तेव्हा मला समजला. दोन्ही गोळ्या सांगितल्या, मीच दिल्या हेही सांगितलं. दीर शेजारी उभे होते. संध्याकाळी ती गेली.

तेराव्याला चुलत सासूबाईंनी माझी हनुवटी धरली. म्हणाल्या, "रडून रडून सुकलीस गं, पण तोंड कसं उजळलंय."

दीर समोरच बसले होते. ते उठून बाहेर गेले.