सरवदे सर आणि ओढ्यापलीकडचं पाणी

प्रा. सोपानराव सरवदे सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात प्राध्यापकांच्या लेखांशेजारी माझा लेख यावा, हे मलाच खरं वाटत नाही. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात कॉलेज सोडलेला माणूस. पण सरांनीच संपादकांना सांगितलं म्हणे, त्याला लिहू द्या, तो खरं लिहील.

नांदेडला राज्यशास्त्राच्या पहिल्याच तासाला सरांनी निजामाच्या काळातला एक उर्दू नकाशासंग्रह टेबलावर ठेवला आणि प्रत्येकाला त्यात आज नसलेला देश शोधायला लावला. कुणाला ऑस्ट्रिया-हंगेरी सापडला, कुणाला तुर्कांची सल्तनत. मला भारतच सापडेना. तो इंग्रजांच्या रंगात होता आणि आमचं हैदराबाद वेगळ्याच. मी चिडून उठलो. म्हणालो, देश असे येणारे-जाणारे असतील तर त्यांच्यासाठी मरायचं कशाला? वर्ग हसला, सर हसले नाहीत. मुक्तिलढ्यात तिरंगा लावताना त्यांनी काठ्या खाल्ल्यात; उजवं मनगट अजून नीट वळत नाही. ते म्हणाले, "आपल्याला कुणी माणूस म्हणावं, म्हणून देश लागतो. जो देश ते काम करत न्हाई, त्याचा रंग टिकत न्हाई."

रोज सकाळी ते रेडिओवर जगभरच्या बातम्या ऐकून यायचे आणि नामिबियाच्या माणसांची काळजी आमच्या निलंग्याच्या माणसांइतकीच करायचे. मला कावीळ झाली तेव्हा सरांच्या पत्नीनं, आमच्या बाईंनी, पंधरा दिवस घरचा डबा पाठवला. डबा घेऊन सर स्वतः सायकलवर यायचे आणि मी जेवेपर्यंत जगाचं राजकारण सांगायचे.

दुसऱ्या वर्षी माझं मन एका मुलीवर जडलं. ती आमच्या ओढ्यापलीकडच्या गावची. तिच्या वडिलांनी चारचौघांत मला हाकलून दिलं. त्या संतापात मी कॉलेजही सोडलं. तेवढ्यात लातूर जिल्हा नवा झाला. आमचं गाव लातुरात आलं, पलीकडचं उस्मानाबादेतच राहिलं. वर दुष्काळ. निलंग्याहून येणारा टँकर जुन्या सवयीनं आधी आम्हाला आणि मग पलीकडे पाणी द्यायचा. एका सकाळी मी चार पोरं घेऊन ओढ्यात टँकरपुढं बसलो. लातूरचं पाणी लातूरलाच, अशा घोषणा देत होतो.

नेमके त्याच दिवशी सर माझ्यासाठी परीक्षेचा फॉर्म घेऊन नांदेडहून एसटीनं आले होते. फाट्यापासून उन्हात चालत ओढ्यापर्यंत पोचले. मी त्यांना नव्या जिल्ह्याच्या अस्मितेवर भाषण ऐकवलं. सरांनी ते पूर्ण ऐकून घेतलं. मग माझ्याशेजारी धुळीत बसले आणि पोरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "पोरीच्या बापावरचा राग तू जिल्ह्याच्या नावानं काढून राहिलास, हाव का न्हाई?"

मी पुन्हा नव्या जिल्ह्याचंच कारण पुढं केलं.

"पाणी अडवणारी माणसं मी लहानपणी लई पाहिलीत, बाबा. त्यांच्यापाशी बी मोठमोठी कारणं असायची."

सरांच्या लहानपणी त्यांच्या वस्तीला गावच्या आडावर चढू देत नव्हते, हे मला ठाऊक होतं. तरी मी तिथं बसलो होतो. मी उठलो, पोरांना उठवलं. सर ड्रायव्हरशेजारी बसले, मी मागं लटकलो.

पलीकडे बायकांच्या रांगेत तीही होती. घागर पुढं करत म्हणाली, "आज जिल्हा कुठं ठिवून आलात?" बायका फिदीफिदी हसल्या. सरही हसले. शेवटची घागर भरेपर्यंत मी पाइप सोडला नाही.

तिचं लग्न पुढं बसवकल्याणकडे झालं. ते दुःख अजून गेलेलं नाही, आणि जावं असंही वाटत नाही. परीक्षेचा फॉर्म मात्र या वर्षी मी भरलाय. ओढ्यातली ही गोष्ट सरांनी कुणालाच सांगितलेली नाही, म्हणून मी लिहिली.

सरांना शंभर वर्षं लाभोत, हे इथं सगळेच लिहितील. मी म्हणतो, त्यांचे गुडघेही शाबूत राहोत. माझ्यासारखा एखादा भडक डोक्याचा कुठंतरी रस्ता अडवून बसलेला असणारच, आणि अशा जागेपर्यंत एसटी जात नसते.