मिठाचा वास

चूक माझी होती, आणि ती मी लाउडस्पीकरवरून केली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्याविषयी बरं मत करून घ्यायची वेळ तुमच्यावर येणार नाही.

आणे पठारावरच्या आमच्या गावात उत्सवाला आमटी-भाकरीचा प्रसाद असतो. नैवेद्य दाखवेपर्यंत आमटीचा थेंबही कुणी जिभेवर ठेवायचा नाही, आचाऱ्यानेसुद्धा. म्हणून आमचे आचारी, सगळ्या गावाचे मामा, वासावर चालायचे. उकळत्या कढईवर हात धरायचे, मूठभर वाफ नाकाशी आणायचे आणि डोळे मिटून निकाल द्यायचे, "मीठ म्हणतंय, अजून वाईच येऊ का?"

"मामा, मिठाला वास असतो होय?" मी चिडवायचो.

"तुमच्या दुकानातल्या खतांनी नाक गेलंय तुमचं, भाऊ. म्या काय करू?"

आमटी कधी चुकली नाही. असं एखादं माणूस तुमच्याही गावात असेल.

कोरोनात मामा बरेच दिवस ऑक्सिजनवर होते. परत आले तेव्हा आम्ही वेशीवर झेंडूचा हार घातला. फूल दिसलं की नाकाला लावणारा हा माणूस हार गळ्यात घेऊन नुसता उभा राहिला. ते मला दिसलं होतं. पण काय दिसलं, ते फार उशिरा कळलं.

मधली दोन वर्षं उत्सव झालाच नाही. मग झाला, तेव्हा माइक माझ्या हातात होता. कोणत्या वस्तीच्या भाकरी आल्या ते मी पुकारत होतो. तेवढ्यात मामा कढईमागे पाठमोरे झाले आणि त्यांनी बोट चाटलं.

"आचाऱ्यानं प्रसाद उष्टा केला!" मी माइकवरच ओरडलो.

चारी दिशांना कर्णे होते. मामी घरी भाकरी थापत होत्या, त्यांनीही ऐकलं. कढई ओतून दिली गेली. मामांनी डाव धुतला, पालथा ठेवला आणि ते निघून गेले. चहाच्या टपरीवर मी वर म्हणालो, "म्हाताऱ्याची जीभ चटावली." लोक हसले.

त्यानंतर मामा घराबाहेर दिसेनात. काही आठवड्यांनी मामी दुकानात आल्या.

"भाऊ, यांना वास येत न्हाई. दवाखान्यातनं आल्यापास्नं. कुणाला सांगू देत न्हाईत. आचाऱ्याला नाक न्हाई म्हणल्यावर कोण बोलवंल?"

मी तसाच त्यांच्याबरोबर गेलो. मामा अंगणात बसून दगडाने हात घासत होते. कातडी सोलवटली होती. गालफडं बसली होती.

"मामा, हे काय चाललंय?"

"जात न्हाई, भाऊ. आधी कायच वास येत नव्हता. आता समद्याला जळका येतो. भाकरीला, पाण्याला. नातीच्या टाळूला सुदिक." मग आवाज खाली आणून म्हणाले, "माझ्या शेजारच्या खाटंवरचा पोरगा गेला. त्या दिशी माझाच नंबर व्हता. मी तिथंच जळालोय, भाऊ. ह्यो वास माझाच हाय."

ते दोन घासांवर जगत होते आणि नातीला जवळ घेत नव्हते. हे सगळं घेऊन हा माणूस कढईपाशी उभा राहिला होता, आणि मी ओरडलो होतो.

गावातल्या आरोग्याचं बघणाऱ्या आशाताईंनी मामींना मंचरच्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंचं नाव सांगितलं होतं. मी गाडी काढली. वाटेत मामांनी विचारलं, "म्हंजी मी येडा झालो का?" मी गाडी अजून जोरात हाणली.

बाई तरुण होत्या. त्यांनी पहिलं विचारलं, "मामा, तुमची आमटी कशी करतात?" मामा रंगून सांगू लागले. वाफेपर्यंत आले आणि लहान मुलासारखे रडले. बाईंनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "तुम्ही जळालेले नाही. या आजारानंतर नाकाकडून मेंदूला चुकीचे निरोप जाऊ शकतात. त्यासाठी नाकाच्या डॉक्टरांकडे पाठवते. पण या वासाचा अर्थ तुम्ही त्या खाटेवरून घरी आणलाय. त्याचं काम आपण दोघं करू."

काम सावकाश चाललं. रोज थोडा वेळ नातीला मांडीवर घ्यायचं, वास आला तरी. आणि मनातली गोष्ट एका तरी माणसाला सांगायची.

"मग सांगितली का?" मी परतीच्या वाटेवर एकदा विचारलं.

"सलूनवाल्याला सांगितली. समद्या गावाचं काम एकदम उरकलं." कित्येक महिन्यांनी ते हसले. वास मात्र पुरता परतला नाही.

पुढच्या उत्सवाला मी त्यांना बोलवायला गेलो.

"नाक न्हाई, भाऊ."

"जीभ आहे ना?"

आमटीला उकळी आली तशी मी आधी वाटीभर काढली, देवापुढे ठेवून नैवेद्य दाखवला आणि परत आलो. "आता चाखा."

"देवाला अळणी गेलं की, राव!"

"जाऊ दे. देव काही माइकवर ओरडत नाही."

सगळ्यांसमोर मामांनी आमटी चाखली आणि मूठभर मीठ टाकलं. एवढंच करायचं होतं. एवढंही आम्हाला सुचलं नव्हतं.

मी माइककडे हात नेला. मामांनी मान हलवली. "त्याच्यावर नको."

मग मी चुलीपाशी त्यांच्याशेजारी उकिडवा बसलो. "मामा," मी म्हणालो, "तुम्ही अडचणीत होता आणि मी विचारलंसुद्धा नाही. चुकलो मी. मला माफ करा."