क्लचचा लिव्हर मीच बसवला

मैत्रिणींनो, आज मिरकरवाडा बंदरावर मासळीच्या पाण्यावरून मोटारसायकल घसरली आणि मी पडले. कोपर सोलपटलं, क्लचचा लिव्हर मोडला. गाडी ढकलत घरी आणली.

गाडी ह्यांची. सुट्टीवर आल्यापासून हेच मला शिकवत होते. परवा परत कुवेतला जाणार.

ह्यांनी आधी माझं कोपर धुतलं. मग नवा लिव्हर आणून दहाचा पाना माझ्याच हातात दिला.

"तुम्हीच बसवा ना," मी म्हटलं.

"आणि मी तिकडे असताना?"

केबल अडकवताना तीनदा चुकले. हे शेजारी बसून होते, पण हात लावला नाही. चौथ्यांदा जमलं. मग हे मागच्या सीटवर बसले. "चल, पालीपर्यंत."

परवा ह्यांना स्टँडवर मीच सोडणार आहे, बॅगा रिक्षाने जातील. सासूबाई नको म्हणतात. तुम्ही काय म्हणाल?