नीलाताईंनी तारीख जाहीर केली

नीलाताई गजभियेंचा प्रबंध सात वर्षं चालला होता. विषय होता, महायुद्धानंतर निवडून आलेल्या ब्रिटनच्या मजूर सरकारने साम्राज्यातून पाय कसा काढून घेतला. म्हणजे ज्या सरकारने हिंदुस्थान ठरल्यापेक्षा दहा महिने आधी सोडला, त्याच्याबद्दल लिहायला या बाई ठरल्यापेक्षा चार वर्षं जास्त घेत होत्या. त्यातून त्यांचे यजमान राजानंद ब्राउनश्वाइगच्या ज्या संस्थेत नोकरीला, तिथल्या घड्याळांवरून सगळा जर्मनी आपली वेळ लावतो. यावरचे विनोद घरात कधीच शिळे झाले होते.

आळस म्हणाल तर तो त्यांच्या अंगात नव्हताच. नागपूरच्या शाळेत अकरा वर्षं इतिहास शिकवलेली बाई. त्यांचा रोग उत्साहाचा होता. ब्रह्मदेश लिहायला घेतला की सिलोन खुणावायचं, सिलोन आवरलं की पॅलेस्टाईन. एकदा त्यांना कळलं की १९४६ साली इंग्लंडात पाव रेशनवर गेला, त्याचं एक कारण इकडच्या उपाशी जर्मनांना पोसणं हेही होतं, आणि आपलं ब्राउनश्वाइग तेव्हा त्याच सरकारच्या ताब्यात होतं. आठवडाभर त्या घरात नाचत होत्या. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंना त्यांनी पावाच्या आठवणी विचारून विचारून बेजार केलं आणि प्रबंधात आणखी एक प्रकरण वाढलं.

गाईडला तिकडे डॉक्टरमुटर म्हणतात, डॉक्टरेटची आई. ही आई नीलाताईंपेक्षा सहा वर्षांनी लहान होती. २०१५च्या जानेवारीत तिने हात टेकले. म्हणाली, तुमच्या मजूर पक्षाकडून एवढं तरी शिका. पंतप्रधान ॲटलींनी सत्तेचाळीसच्या फेब्रुवारीत पार्लमेंटात सांगून टाकलं की उशिरात उशिरा पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंत आम्ही निघणार. एकदा तारीख जाहीर झाली की माणूस निघतोच.

नीलाताई ट्राममध्ये बसल्या आणि दोन थांब्यांच्या आत त्यांनी गावातल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहून मोकळं केलं: शनिवार, १२ सप्टेंबर, माझ्या डॉक्टरेटचं जेवण, सर्वांनी सहकुटुंब यावे. घर येईपर्यंत चाळीस अंगठे आले. त्यांना इतकं हलकं वाटलं की त्या एक थांबा पुढे जाऊन परत चालत आल्या, आणि चालताना चक्क गात होत्या.

राजानंदांनी तो मेसेज ऑफिसात वाचला आणि तिथूनच फोन लावला. "नीला, तू अजून फाळणीचं प्रकरण लिहिलेलं नाहीस."

"अहो, तारीख सांगितली तेव्हा ॲटलींनी तरी कुठे लिहिलं होतं?"

पुढे घोडं अडलं ते हॉलपाशी. चर्चचा हॉल सप्टेंबरात मिळेना, फक्त २० जून रिकामा. शहाण्या माणसाने हॉल बदलला असता. नीलाताईंनी तारीख अलीकडे आणली. चौदा वर्षांच्या स्पृहाने जर्मनमध्ये विचारलं, आई, तुझं डोकं ठिकाणावर आहे का. नीलाताईंनी मराठीत सांगितलं की शेवटच्या व्हाइसरॉयनेही अगदी हेच केलं होतं. स्पृहा म्हणाली, गेनाऊ, अगदी तेच, म्हणूनच विचारतेय.

जूनमध्ये तोंडी परीक्षा हवी तर प्रबंध मार्चच्या मध्यावर द्यायला हवा. हाताशी राहिले पाच आठवडे. फाळणीच्या सीमारेषा आखणाऱ्या साहेबालाही पाचच आठवडे मिळाले होते, हे नीलाताईंनी कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलं आणि त्यावर त्या स्वतःच हसायच्या. घरात रोज दोन वेळा राजानंदांच्या हातचे पोहे. शेवटी फाळणीवर अकरा पानं झाली आणि प्रबंध गेला.

१९ जूनला परीक्षा. नापास झाल्या असत्या, तर दुसऱ्या दिवशी चाळीस घरांपुढे कुठल्या तोंडाने उभ्या राहणार होत्या? तिकडे ही परीक्षा सगळ्यांसमोर होते, म्हणून राजानंदही मागच्या रांगेत बसले होते. तासभर सगळं झकास चाललं. मग परीक्षक म्हणून बाहेरगावाहून आलेल्या वृद्ध प्राध्यापकांनी पान उघडलं आणि शांतपणे विचारलं, "पावाच्या रेशनवर चाळीस पानं आणि फाळणीवर अकरा. का?"

विषयाच्या मर्यादा वगैरे उत्तर नीलाताईंनी पाठ करून ठेवलं होतं. पण त्यांच्या तोंडून खरं निघालं. त्यांनी जेवण, ग्रुप, हॉल, सगळं सांगितलं. खोलीत हशा पिकला. गाईडने हाताने तोंड झाकलं. नीलाताईही हसत होत्या, आणि हसता हसता थांबल्या.

"माझ्या घाईत पानं कमी पडली," त्या म्हणाल्या. "त्यांच्या घाईत स्वातंत्र्य आधी आलं आणि सीमारेषा दोन दिवसांनी जाहीर झाली. तोवर लोक स्वतःच्या अंगणात उभं राहून विचारत होते, हे अंगण कुठल्या देशात. तारीख सांगून टाकली की फार हलकं वाटतं, सर. मला वाटलं होतं. त्यांनाही वाटलं असणार. हे मात्र मी कुठल्याच पानावर लिहिलेलं नाही."

वृद्ध प्राध्यापकांनी काहीतरी टिपून घेतलं. सगळ्यांना बाहेर पाठवलं. वीस मिनिटांनी निकाल लागला: उत्तीर्ण, पण एका अटीवर. छापण्याआधी ते प्रकरण नव्याने लिहायचं, आणि तिकडच्या नियमाप्रमाणे छापून होईपर्यंत नावामागे डॉक्टर लावायचं नाही. मुदत दोन वर्षं.

दुसऱ्या दिवशी जेवण झालंच. परीक्षा पास झालेल्याला प्रबंधाच्या विषयावरची टोपी घालायची तिकडची रीत, म्हणून विद्यापीठातल्या मुलांनी पुठ्ठ्याची टोपी करून आणली होती, तिच्यावर इंग्लंडला निघालेलं जहाज. ती टोपी डोक्यावर घेऊन नीलाताई कोथिंबिरीचं सारण भरलेल्या नागपुरी पुडाच्या वड्या वाढत फिरल्या, नाचल्या, न नाचणाऱ्या राजानंदांनाही त्यांनी ओढलं. मन भरून आलं होतं आणि ते त्या प्रत्येकाला सांगत होत्या. शेजारच्या वुल्फ्सबुर्ग गावाहून आलेल्या, ग्रुपमधल्याच उत्कर्षने तोंडात वडी धरूनच विचारलं, की पुस्तक छापून आल्यावर पुन्हा जेवण असणार, तर कधी, म्हणजे सुट्टी टाकून ठेवतो.

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. नीलाताईंनी टोपी काढून हातात घेतली.

"आधी लिहून होऊ दे," त्या म्हणाल्या. "मग सांगते."